जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसवताना काय जुळवावे आणि कसे तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात आपल्या वडिलांच्या वेळची १९८८ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. तिचे मूळ प्यूजो डिझेल इंजिन आता धूरही सोडते आणि तेलही खाते, म्हणून आपण मोडीत निघालेल्या एका गाडीचे २५२३ सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) इंजिन पाहून ठेवले आहे. गॅरेजवाल्याने "बसून जाईल" असे सांगितले आहे. परंतु नेमके काय जुळते, काय जुळवून घ्यावे लागते आणि नट-बोल्टांपर्यंत कोणती काळजी घ्यावी, हे आपल्याला हवे आहे.

"बसून जाईल" हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गॅस कटर आणि वेल्डिंग हाताशी असले की कोणतेही इंजिन कोणत्याही चासीत बसते. खरा प्रश्न इंजिनाची मागची बाजू आणि गिअरबॉक्सची पुढची बाजू यांच्यामधल्या वीतभर जागेचा असतो. फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे जड चाक), क्लच, पायलट बुश, सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे ओतीव कवच) हे सगळे तिथेच असते आणि माझ्याकडे परत आलेल्या बहुतेक गाड्या याच जागेतल्या चुकीमुळे परत आलेल्या आहेत.

त्याआधी कागदपत्रांचे बोलतो, कारण त्यातच पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलणे ही बाब कायद्यात वेगळी धरलेली आहे. आपल्या बाबतीत दोन्ही इंजिनांवर महिंद्राचे नाव असले तरी प्रकार वेगळा आहे आणि क्षमता २११२ सीसीवरून २५२३ सीसीवर जाते. म्हणून नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच इंजिनाचे पैसे द्यावेत. इंजिन घेताना ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद आणि इंजिन नंबर लिहिलेले बिल घ्यावे. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तिथून निघून यावे. परवानगी नाकारली गेली आणि आपण दुसरे प्यूजो इंजिनच बसवायचे ठरवले, तरी पुढचे बहुतेक मुद्दे लागू राहतात, कारण एकाच नावाची दोन इंजिने वेगवेगळ्या गाड्यांतून निघाली की त्यांचे चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), ब्रॅकेट आणि पंप वेगळे असू शकतात. जुने इंजिन मात्र भंगारात देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती इंजिनात आणि चासीत मोठा फेरफार नसेल तरच, आणि आपली जीप २०३८ मध्ये त्या वयाची होईल.

आता इंजिनाकडे वळू. प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८३ मिमी, म्हणजे ते मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्यांनी बनवलेले इंजिन आहे. डीआय इंजिनाचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, हे आकडे विचित्र वाटतात, पण ते बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच आहेत, कारण या इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे. एवढ्या एका गोष्टीवरून पुढच्या सगळ्या कामाची कल्पना यावी: आपल्या जीपमध्ये इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदणार आहेत. कोणते भोक कोणत्या घराण्याचे आहे हे डोळ्यांनी ठरवायचे नाही, प्रत्येक भोक थ्रेड गेजने (आट्यांचे माप सांगणाऱ्या पट्ट्यांनी) तपासायचे.

इंजिन सुटे घेऊ नये, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. त्याच गाडीचे बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट व प्रेशर प्लेट, सेल्फ, फाउंडेशनचे (इंजिन चासीवर टेकवण्याचे) ब्रॅकेट, अल्टरनेटरचे ब्रॅकेट, पंखा, अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी आणि या सगळ्यांचे मूळ बोल्ट एकत्र मागावेत आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा राहिलेला ब्रॅकेट दुसऱ्या दिवशी जाऊन शोधता येत असे. आता सुटा भाग शोधायला मालेगाव किंवा मुंबई गाठावी लागते आणि ब्रॅकेटपेक्षा डिझेलचा खर्च जास्त होतो.

इथे एक अडचण येते. आपली जीप चारही चाकांवर चालणारी आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही शक्ती वाटून देणारी पेटी) आहे. मोडीतल्या गाडीचा गिअरबॉक्स जर फक्त मागच्या चाकांना शक्ती देणारा असेल तर तो आपल्या उपयोगाचा नाही. म्हणून गिअरबॉक्स आपलाच राहणार आणि डीआय इंजिन त्याला येऊन मिळणार. सुदैवाने कंपनीने कमांडर आणि सीएल ५५० यांसारख्या जीपमध्ये डीआय इंजिन कारखान्यातूनच दिले होते, त्यामुळे तशा जीपचे बेल हाउसिंग मिळाले तर ते आपल्या गिअरबॉक्सच्या तोंडाला लावून पाहावे. बोल्टांची भोके जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. गिअरबॉक्सच्या पुढच्या कॉलरचा व्यास आणि बेल हाउसिंगच्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजावा, कारण केंद्र धरण्याचे काम ती कॉलर करते, बोल्ट नव्हे. असे हाउसिंग मिळवण्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी थांबावे. अडॅप्टर प्लेट, म्हणजे न जुळणारे इंजिन आणि हाउसिंग जोडणारी मधली जाड प्लेट, हा शेवटचा उपाय आहे.

प्लेट करावीच लागली तर ती गॅस कटरने कापलेली नसावी. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंग आणि बोअरिंग करून देणारे पुष्कळ आहेत; दोन्ही पृष्ठभाग समांतर करून घ्यावेत आणि डॉवेल पिनची (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खिळींची) भोके सर्वांत शेवटी पाडावीत. शेवटी का, ते सांगतो. इंजिनावर प्लेट आणि बेल हाउसिंग हलक्या हाताने आवळून, डायल गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर ठेवावा आणि गेजचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवावे. मग क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मे अंतर केंद्र चुकलेले असते. लाकडी हातोडीने हाउसिंग जरासे ठोकत हा पूर्ण फरक ०.२० मिमीच्या आत आणावा, नंतर टोक हाउसिंगच्या मागच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून तोच फेरा पुन्हा घ्यावा आणि मगच डॉवेलची भोके एकत्र रीम करावीत (नेमक्या मापाला आणावीत). माझ्या गॅरेजमध्ये या कामाला अर्धा दिवस लागतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की आम्ही बसून राहिलो आहोत. हा अर्धा दिवस वाचवलेल्या गाडीत काही महिन्यांत क्लच प्लेटचा मधला भाग सैल होतो, पायलट बुश अंडाकृती होतो, चालू गाडीत टॉप गिअर निसटतो, आणि मग लोक गिअरबॉक्स उघडून त्यात दोष शोधत बसतात.

पायलट बुशचे गणित याच ठिकाणी करून घ्यावे. गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या भोकातल्या बुशमध्ये फिरते. गिअरबॉक्सच्या बसण्याच्या पृष्ठभागापासून त्या टोकापर्यंतचे अंतर एकदा मोजावे, इंजिनाला हाउसिंग लावून त्याच पृष्ठभागापासून क्रँकच्या भोकाच्या तळापर्यंतचे अंतर दुसऱ्यांदा मोजावे आणि दोन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहावेत. टोक बुशच्या पूर्ण लांबीतून गेले पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. मी तीनेक मिमी मोकळे ठेवतो. बुशचा आतला व्यास शाफ्टच्या टोकाप्रमाणे आणि बाहेरचा व्यास क्रँकच्या भोकाप्रमाणे असा नवीन पितळी बुश कोणताही चांगला टर्नर करून देतो. टोक तळाला टेकत असताना हाउसिंगचे बोल्ट जोर लावून ओढले तर क्रँक पुढे ढकलला जातो आणि थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारे) खाल्ले जातात. याची परीक्षा सोपी आहे. गिअरबॉक्स जोडण्यापूर्वी क्रँक पहारीने हलकेच पुढे-मागे सारून त्याची मोकळीक मोजावी, आणि सगळे बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजावी. दोन्ही वेळी आकडा तोच आला पाहिजे.

क्लचमध्ये नियम असा की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या बाजूची, तर क्लच प्लेटचे मधले दाते गिअरबॉक्सच्या बाजूचे. दात्यांची संख्या आणि शाफ्टचा व्यास दोन्ही जुळले पाहिजेत, म्हणून दुकानात प्लेट मागताना गाडीचे नाव सांगू नये, जुनी प्लेट पिशवीत घालून न्यावी. प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी. ती अडखळू नये आणि डुगडुगूही नये. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे ठेवून प्लेट फ्लायव्हीलवर टेकवावी आणि तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासत नाही ना, हे त्या डोक्यांना निळा रंग लावून पाहावे. रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) उंची चुकली तर पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरतो किंवा क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो. दोन्हींवर उपाय काट्याच्या टेकूची उंची बदलणे हा आहे, पेडलचा रॉड वाकवणे हा नव्हे. सेल्फ आणि रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेचे दातेरी कडे) एकाच इंजिनाचे असावेत, आणि सेल्फच्या दात्याची पुढची कड रिंगपासून थांबलेल्या स्थितीत सुमारे तीन मिमी दूर असावी.

बोल्टांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक माझ्याकडून झालेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका जीपमध्ये असाच बदल करताना बेल हाउसिंगचे दोन बोल्ट कमी पडले. मुलाला दुकानात पाठवले, त्याने मापाला दिसणारे बोल्ट आणले आणि मी ते न तपासता लावले. भोके एम१० ची, म्हणजे दीड मिमी पिचची (दोन आट्यांमधल्या अंतराची) होती, आणि आणलेले बोल्ट तीन अष्टमांश इंचाचे, इंचाला सोळा आट्यांचे होते. त्यांचा व्यास ९.५ मिमी आणि पिच १.५९ मिमी. असा बोल्ट तीन-चार फेरे सहज आत जातो, मग अडतो, आणि पाना हाताला सांगतो की बोल्ट आवळला गेला. प्रत्यक्षात आट्यांच्या फक्त टोकांनी एकमेकांना धरलेले असते. कसारा घाटात एक बोल्ट गळून पडला आणि दुसऱ्याने आटे सोलून काढले. मालकाने फोन केला तो "सेल्फ मारताना खणखण होतेय" अशा तक्रारीचा. गाडी टो करून आणल्यावर हाउसिंग एका बाजूने कागद जाईल एवढे उघडलेले दिसले. ती दुरुस्ती मी फुकट करून दिली आणि त्या दिवसापासून थ्रेड गेज खिशात ठेवतो.

पाच षोडशांश इंच आणि एम८ ही जोडीही अशीच फसवी आहे. अर्ध्या इंचाच्या बोल्टांत जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचे आटे इंचाला बारा आणि नंतरच्या युनिफाइड पद्धतीचे जाडे आटे तेरा असतात. ऑइल प्रेशरच्या आणि तापमानाच्या सेन्सरची एक अष्टमांश इंची पाइप आट्यांची भोके तर दिसायला एम१० सारखीच असतात. नियम सोपा आहे: बोल्ट नेहमी बोटांनी आत जावा, शेवटचा अर्धा फेरा फक्त पान्याचा. बोटांनी जात नसेल तर तेल लावून जोर करू नये, बाहेर काढून मोजावे.

लांबीही तपासावी. ओतीव लोखंडात बोल्टच्या व्यासाच्या सव्वापट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट आटे आत जावेत असे मी धरतो. बंद तळाच्या भोकात बोल्ट लांब झाला तर तो भाग न आवळता तळ फोडतो. म्हणून भोकाची खोली काडी घालून मोजावी, आणि भोकात साचलेले तेल हवा मारून काढावे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा, इंची बोल्टवर रेषा, नसतील तर तो बोल्ट हाउसिंगला आणि फाउंडेशनला वापरू नये. तीन रेषा म्हणजे ग्रेड पाच आणि सहा रेषा म्हणजे ग्रेड आठ. स्वच्छ आट्यांच्या ८.८ प्रतीच्या एम१० बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम८ ला पंचवीसच्या आसपास टॉर्क पुरतो. फ्लायव्हीलचे बोल्ट मात्र त्याच इंजिनासाठी बनवलेले नवीनच घ्यावेत आणि त्याच इंजिनाच्या माहिती पुस्तकातल्या टॉर्कने आवळावेत. खोलताना बोल्ट डब्यात एकत्र टाकू नयेत. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा किंवा टायमिंग कव्हरचा आकार पेनाने काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा.

इंजिन जागेवर ठेवताना गिअरबॉक्स हलवायचा नाही. तो हलला की दोन्ही प्रोपेलर शाफ्टचे कोन आणि लांबी बदलते. इंजिन क्रेनला टांगलेले असतानाच गिअरबॉक्सला जोडावे, तसेच तोलून धरावे आणि मग फाउंडेशनचे ब्रॅकेट मोजून बनवावेत. आधी ब्रॅकेट जोडून नंतर इंजिन ओढून बसवणे म्हणजे हाउसिंगला कायमचा पीळ देणे. डीआय इंजिन प्यूजोपेक्षा जास्त हादरते, त्यामुळे फाउंडेशन रबर नवे घ्यावेत. पुढचा डिफरन्शियल आपल्या जीपमध्ये उजव्या अंगाला आहे. पुढचा एक्सल जॅकने पूर्ण वर, बंप रबरला टेकेपर्यंत उचलून चेंबर आणि डिफरन्शियल यांत किमान पंचवीस मिमी मोकळे राहते का ते पाहावे. राहत नसेल तर चेंबर बदलावे लागते, आणि चेंबर बदलले की तेल खेचणारी जाळी आणि डिपस्टिकही त्याबरोबरची लागते. बॉनेटसाठी आमच्याकडची युक्ती म्हणजे कणकेचे चार गोळे. ते टॅपेट कव्हरवर ठेवायचे, बॉनेट लावायचे, उघडायचे आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजायची.

उरलेल्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. पंखा रेडिएटरपासून वीसेक मिमी दूर आणि हवा आत ओढणारा असावा. प्यूजोचा जुना रेडिएटर साफ करूनही नांदुरीचा घाट चढताना काटा वर जात असेल तर आधी पंख्याभोवतीचे कव्हर लावून पाहावे, मग नव्या रेडिएटरचा विचार करावा. डिझेलची परतीची नळी टाकीपर्यंत नेलीच पाहिजे. नोझल तपासण्याला नाशिकात अडचण नाही. ज्या मायको कंपनीवरून मायको सर्कल नाव पडले तिचा इथला कारखानाच डिझेल नोझलचा. अल्टरनेटरला व्हॅक्यूम पंप जोडलेला असेल आणि आपल्या जीपला ब्रेक बूस्टर नसेल, तरी त्या पंपाला तेल देणारी आणि तेल परत नेणारी अशा दोन्ही नळ्या जोडाव्यात, नाहीतर तो कोरडा फिरून जळतो. मीटर जुने ठेवायचे असतील तर सेन्सरही जुन्या मीटरचेच वापरावेत, आणि एका वायरच्या सेन्सरवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नये, कारण त्याला अर्थिंग आट्यांमधूनच मिळते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती नंतर टोचेल. प्यूजो इंजिन जास्त फेऱ्यांवर रमते, डीआय कमी फेऱ्यांवर जोर देते. आपला क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) ४३ आणि ८ दात्यांचा, म्हणजे ५.३८ गुणोत्तराचा असेल तर ६.०० × १६ टायरवर टॉप गिअरमध्ये ३००० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे ७४ किमी जाईल. ३९ आणि ८ दात्यांचा, म्हणजे ४.८८ चा असेल तर सुमारे ८१. द्राक्षाच्या बागेत आणि दिंडोरीच्या रस्त्यावर हे पुरेसे आहे, पण मुंबई-आग्रा महामार्गावर डीआय इंजिन ओरडत राहील. मागचे एक चाक उचलून दात्यांचा अंदाज घेण्यापेक्षा कव्हर खोलून दाते मोजावेत. गुणोत्तर बदलायचे ठरले तर पुढचा आणि मागचा डिफरन्शियल एकाच वेळी बदलावा लागेल, अन्यथा चारही चाकांना जोडताच ट्रान्सफर केस तुटेल.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडीखाली टॉर्च घेऊन जावे आणि कोणती रेघ तुटलेली दिसते ते पाहावे. जी तुटली असेल तो बोल्ट नुसता आवळू नये, काढून त्याचे आटे पाहावेत आणि मगच परत लावावा.